न दिसल्याचा दोष

आरसा ही वस्तु मनुष्यानें आपलें तोंड पाहण्याकरितां निर्माण केली, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि घरांतल्या आरशांपुरती ती खरीहि आहे. परंतु वाहनाला आरसा लागला त्या दिवशीं या वस्तूच्या चरित्रांत एक विलक्षण पालट झाला. ज्यांत पाहणारा स्वतः दिसतां कामा नये असा हा आरसा! त्यांत आपलें तोंड दिसूं लागलें कीं तो बिघडला असें खुशाल समजावें. हा विचार आमच्या मनांत येण्यास जें निमित्त झालें तें वाचकांस क्षुल्लक वाटेल; तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसानें मासिकाचीं पानें त्यासाठीं अडवावींत, हें कांहींस रुचणारहि नाहीं. निमित्त असें कीं, गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या चिरंजीवांनीं आपल्या मोटारसायकलचे मूळचे आरसे काढून त्यांच्या जागीं हँडलच्या टोकांना बसणारे आरसे लावण्याचें ठरविलें, आणि हँडल धरून उभें राहण्याकरितां त्यांना एका मदतनिसाची गरज पडली.

गाडी रॉयल एन्फील्डची ‘कॉन्टिनेंटल जी. टी. ६५०’. २०१८ सालीं निघालेल्या या गाडीस दोन सिलिंडरांचें ६४८ घनसेंटिमीटरांचें इंजिन आहे. परंतु तरुण मंडळी तिच्यावर लुब्ध होतात ती इंजिनापेक्षां तिच्या बांध्यामुळें. हँडल आखूड आणि सखल, टाकी लांबट, बैठक मागें सरलेली, आणि स्वार पुढें ओणवा. हा घाट मूळचा इंग्लंडांतला. १९५० नंतरच्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरील एस कॅफेसारख्या उपाहारगृहांपुढें तरुणांचे जथे आपापल्या मोटारसायकली घेऊन जमत. गाडीवरचें जें जें जड वा अनावश्यक असेल तें उतरवावयाचें, हँडल शर्यतीच्या गाडीप्रमाणें खालीं आणावयाचें आणि ताशीं शंभर मैलांचा वेग गांठावयाचा, हा त्यांचा छंद. त्यांच्या गाड्यांना ‘कॅफे रेसर’ हें नांव पडलें. रॉयल एन्फील्डनें त्यापुढच्या दशकांत इंग्लंडांतच २५० घनसेंटिमीटरांची ‘कॉन्टिनेंटल जी. टी.’ काढली होती. आमच्या चिरंजीवांची गाडी तिचेंच नांव चालविते. एस कॅफे १९६९ सालीं बंद पडलें व २००१ सालीं पुन्हां उघडलें. त्या घाटाच्या गाड्यांचेंहि कांहींसें तसेंच झालें.

आतां ओणव्या बसलेल्या स्वाराची अडचण अशी कीं, उभ्या दांडीवरच्या आरशांत त्याला रस्त्यापेक्षां स्वतःचें कोपरच अधिक दिसतें. आरसा मुठीच्याहि पलीकडे नेला म्हणजे तो कोपराच्या कक्षेबाहेर जातो आणि मागचा रस्ता मोकळा होतो. तेव्हां ही केवळ नखऱ्याची वस्तु नव्हे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. चाकणला तयार होणारी ट्रायंफची ‘स्पीड ४००’ ही गाडी २०२३ सालीं निघाली ती कारखान्यांतूनच असे आरसे लावून. चिरंजीवांनीं आपले आरसे नाना पेठेंतून आणले होते. वाटोळे, तळहाताएवढे, काळ्या कांठाचे.

काम दिसतें तितकें सोपें नाहीं. हँडल म्हणजे एक पोकळ नळी. तिचा बाहेरचा व्यास बहुतेक गाड्यांत २२ मिलिमीटर असतो. तिच्या टोकाशीं एक लोखंडी वजन बसविलेलें असतें. तें शोभेकरितां आहे असें आम्हांस इतकीं वर्षें वाटत होतें! वस्तुतः इंजिनाच्या कंपनानें हँडल थरथरूं नये म्हणून तें तेथें असतें. हें वजन काढून आरसा बसवावयाचा. आरशाच्या देठाला रबराची एक बोंडी असते व तिच्या पोटांत निमुळता धातूचा तुकडा. षट्कोनी चावीनें मधला बोल्ट आवळला कीं रबर फुगतें आणि नळीच्या आंतल्या अंगास घट्ट धरून राहतें. डाव्या बाजूस एवढ्यानें भागतें. उजव्या बाजूची मूठ मात्र फिरती. तीच इंजिनास वेग देते. आरशाचें कडें तिला टेंकलें तर मूठ पिळल्यावर ती मागें फिरत नाहीं, आणि गाडी स्वाराच्या इच्छेविरुद्ध धांवत सुटते. म्हणून दोहोंच्या मध्यें नख जाईल एवढी फट ठेवावी लागते, मूठ दहा वेळां पिळून सोडून पाहावी लागते, हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवून आरसा टाकीस वा क्लचच्या दांडीस लागत नाहींना याची खात्री करावी लागते. इतकें झाल्यावर स्वारानें गाडीवर बसावें आणि दुसऱ्यानें मागें पंधरावीस पावलें जाऊन डावीउजवीकडे फिरावें. आम्हीं फाटकापाशीं उभें राहून पुष्कळ येरझारा घातल्या. चिरंजीव आरसा बोटानें किंचित् किंचित् वळवीत ओरडत होते: “बाबा, आतां दिसतां. आतां नाहीं. आतां पुन्हां दिसतां.”

वजन काढल्याचा परिणाम गाडी सुरू केल्याबरोबर दिसला. एका ठराविक वेगाशीं आरशांतलें सगळें जग थरथरूं लागलें; मागच्या घराच्या दोन खिडक्यांच्या चार झाल्या. तेव्हां आम्हांस रे हॅरून या अमेरिकन शर्यतपटूची आठवण झाली. ३० मे १९११ रोजीं इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारीं एक यांत्रिक बसे, व मागून कोण येतें हें सांगणें हें त्याचें एक काम. हॅरूनची गाडी एकट्यापुरतीच होती. प्रतिस्पर्ध्यांनीं तक्रार केली कीं मागें पाहणारा कोणी नसलेला मनुष्य सर्वांना धोका आहे. तेव्हां त्यानें आपल्यापुढें एक आरसा बसविला, आणि शर्यत जिंकली. पुढें त्यानें कबूल केल्याचें सांगतात कीं, विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका हलत होता कीं त्यांत त्याला कांहींच दिसलें नाहीं. तक्रार करणारांचें मात्र समाधान झालें होतें!

हॅरूनच्याहि आधीं, १९०९ सालीं, डॉरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंनीं मोटार चालविणाऱ्या स्त्रियांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत सांगितलें होतें कीं एक लहानसा हातआरसा जवळ बाळगावा व गर्दींत मधून मधून तो उंच धरून मागें पाहावें. तोंड पाहण्याच्या वस्तूचा असा उपयोग एका स्त्रीनें सुचवावा, हें आम्हांस फार मनोज्ञ वाटतें. उलट १९२१ च्या सुमारास एल्मर बर्जर या अमेरिकन गृहस्थानें मागचा आरसा विकण्यास काढला तेव्हां त्याची जाहिरात पोलिस हुडकण्याचें साधन म्हणून केली. मागें कोण आहे हें पाहावयाचें तें त्याला आपल्यापासून इजा होऊं नये म्हणून, कीं त्याच्यापासून आपणांस होऊं नये म्हणून? एकाच कांचेचे हे दोन उपयोग पहिल्यापासून एकमेकांत मिसळलेले आहेत.

आमचा व चिरंजीवांचा वाद निघाला तो आरसा मुठीच्या वर असावा कीं खालीं, यावर. दोन्ही रीतींनीं तो बसतो. खालीं लोंबता ठेवला म्हणजे हँडलची रेषा अखंड राहते आणि गाडी अधिक देखणी दिसते. पण नजर तितकीच अधिक खालीं न्यावी लागते, आणि तेवढा वेळ पुढचा रस्ता सुटतो. आम्ही म्हणालों, “गाडी कशी दिसते यापेक्षां गाडीवरून काय दिसतें तें पाहा.” चिरंजीवांनीं शांतपणें विचारलें, “मग तुम्हीं गेल्या वर्षीं चष्म्याची चौकट चार दुकानें फिरून कां घेतलीत?” या प्रश्नास नीतिशास्त्रांत उत्तर असेल, आमच्यापाशीं त्या वेळीं नव्हतें. “कायद्याला आरसे हवेत, ते आहेत,” असेंहि ते म्हणाले. तें खरें आहे. आरसा नसला तर चौकांतला पोलिस अडवील. आरसा कोणीकडे वळला आहे हें तो वांकून पाहणार नाहीं.

हें वाक्य ऐकून आम्ही गप्प झालों, त्याचें कारण चिरंजीवांना ठाऊक नव्हतें. तें आम्हीं त्यांना त्याच दुपारीं सांगितलें, आणि आतां येथें लिहीत आहों.

१९९६ सालची गोष्ट. आम्ही नुकतेच अध्यापक झालों होतों व कॉलेजांत स्कूटरवरून जात असूं. वाऱ्यानें केस विस्कटत. तशा अवतारांत वर्गांत शिरलें कीं मागच्या बांकांवरून दबलेलें हसूं ऐकूं येई. म्हणून कॉलेजच्या आवारांत स्कूटर उभी केली कीं उजवीकडचा आरसा आपल्याकडे वळवून आम्ही केस नीट करीत असूं. पहिल्यापहिल्यानें तो परत फिरवीत होतों. मग केव्हां तरी तें राहिलें, आणि राहिलें तें राहिलेंच. आरसा आमच्या तोंडाकडे वळलेला, आणि आम्ही रस्त्यानें चाललेले, असें किती आठवडे चाललें असेल तें सांगतां येणार नाहीं.

श्रावणांतला पाऊस भुरभुरत होता. टिळक रस्त्यावर पाण्यानें भरलेला एक खड्डा अगदीं जवळ येईपर्यंत आमच्या लक्षांत आला नाहीं. तो चुकविण्याकरितां आम्हीं स्कूटर एकदम उजवीकडे घेतली. त्याच क्षणीं उजव्या बाजूनें एक वृद्ध गृहस्थ लूनावरून पुढें येत होते. धक्का असा बसलाच नाहीं. त्यांनीं आम्हांस वांचविण्यासाठीं ब्रेक दाबला आणि ओल्या रस्त्यावर ते पडले. गळ्याजवळचें हाड मोडलें. रिक्षांतून त्यांना दवाखान्यांत नेईपर्यंत आम्ही एकच वाक्य पुनःपुन्हां म्हणत होतों: “तुम्ही मला दिसलांच नाहीं.” दुखणें सोसीत तेच आमचें सांत्वन करीत म्हणाले, “अहो, पाऊस आहे. नसेन दिसलों. चालायचेंच.” संध्याकाळीं स्कूटर आणावयास परत गेलों. किल्ली फिरविली, उजवीकडे पाहिलें, आणि आरशांत आमचा चेहरा दिसला.

त्या गृहस्थांना भेटावयास आम्ही दोनदां गेलों. औषधांचे पैसे त्यांनीं मोठ्या कष्टानें घेतले. चहा मात्र दोन्ही वेळां पाजला. दुसऱ्या खेपेस त्यांच्या सुनेनें विचारलें, “कसें हो झालें नक्की?” आमच्याऐवजीं त्यांनींच उत्तर दिलें, “अगं, त्यांना दिसलों नाहीं मी.” आम्हीं मान हलविली. तिसऱ्या खेपेस गेलों नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, आम्ही खोटें बोललों काय? ‘दिसलां नाहीं’ हें अक्षरशः सत्य होतें. न दिसलेल्या गोष्टीचा दोष माणसाच्या माथीं मारतां येत नाहीं, असा आपला नित्याचा न्याय आहे, आणि तो सोडून चालणारहि नाहीं. नाहीं तर पाठीला डोळे नसल्याबद्दल सर्व मनुष्यजातीस अपराधी धरावें लागेल. परंतु हा न्याय कोठवर पुरतो याचा विचार ॲरिस्टॉटलनेंच करून ठेविला आहे. आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत तो सांगतो कीं, अज्ञानाचें कारण मनुष्य स्वतःच असेल तर कायदा त्याला त्या अज्ञानाबद्दलहि शिक्षा करितो. दारूच्या धुंदींत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट दंड ठेवणाऱ्या कायद्यांचा दाखला त्यानें दिला आहे. न पिणें हातांत होतें, म्हणून न समजण्याची सबब ऐकावयाची नाहीं. डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधांतला जहाजमालक तर आम्ही दरवर्षीं वर्गांत उभा करितों. त्याचें जहाज जुनें, तें धड नाहीं अशी शंका त्याच्या मनांत येते. तो ती दडपतो, आपल्या मनाची प्रामाणिक खात्री करून घेतो, प्रवासी पाठवितो आणि जहाज बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो कीं त्याची खात्री प्रामाणिक असली तरी ती बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी त्याचा अपराध तिळमात्र कमी झाला नसता.

हें उदाहरण शिकवितांना विद्यार्थी नेहमीं मालकावर तुटून पडतात, आणि आम्ही त्यांना थोपवितों. थोपवितों याचें कारण आतां कळावें. मालकाच्या मनांत निदान शंका तरी आली होती. ती मारण्याचा एक क्षण होता, आणि त्या क्षणावर बोट ठेवतां येतें. आमच्याजवळ असा क्षणच नाहीं. आरसा वळविला त्या सकाळीं दोष घडला म्हणावें, तर तेव्हां स्कूटर उभी होती, आणि केस विंचरणें हें पाप नव्हे. खड्ड्यापाशीं घडला म्हणावें, तर त्या निमिषांत विचार करण्यास कोणालाच अवसर नसतो. मग उरतात ते मधले अनेक दिवस. रोज निघतांना आरशांत स्वतःचें तोंड दिसत होतें, म्हणजे मागचा रस्ता दिसत नाहीं याची साक्ष रोज डोळ्यांसमोर होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असें आपण म्हणतों. येथें आरसाच पुरावा देत होता व आम्ही त्यांत भांग पाहत होतों. शंका दडपली नाहीं, हें खरें; ती उत्पन्न व्हावयास जागाच ठेविली नाहीं. क्लिफर्डच्या मालकापेक्षां ही स्थिति बरी कीं वाईट, याचा निकाल आम्हांस अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांत लावतां आला नाहीं. अपघात न होतां तर मूल्यमापन तेंच राहिलें असतें, हें क्लिफर्डचें म्हणणें बुद्धीस पटतें. पण अपघात न होता तर आरसा किती काळ तसाच राहिला असता, हाहि प्रश्न मनांतून जात नाहीं.

मात्र एका गोष्टीविषयीं आमची खात्री आहे. सुनेच्या प्रश्नावर जी मान हलविली तिच्याबद्दल ॲरिस्टॉटलचें साहाय्य घेण्याचें कारण नाहीं. तेथें अज्ञान नव्हतें. त्या वृद्ध गृहस्थांनीं क्षमा केली ती न दिसल्याबद्दल. आरशाबद्दल त्यांना क्षमा करावयास आम्हीं सांगितलेंच नाहीं. अर्थात् ती क्षमा आम्हांस पोंचलेली नाहीं.

आपल्याकडे ‘सिंहावलोकन’ हा फार सुंदर शब्द आहे. सिंह चालतां चालतां थांबून मान वळवितो व मागें पाहतो, त्यावरून तो आला. संस्थांच्या वार्षिक वृत्तांतांत हें शीर्षक नेहमीं आढळतें. तसले वृत्तांत आम्हींहि लिहिले आहेत, आणि सांगण्यास हरकत नाहीं कीं त्यांत संस्थेचें तोंड तेवढें दिसेल अशी काळजी घेतलेली असते. पण सिंहाजवळ आरसा नाहीं, त्याला मानच वळवावी लागते, हें त्या शब्दांतलें मर्म आहे. वाहनाचे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत क्षेत्र अधिक मावतें, परंतु वस्तु लहान व आहे त्याहून दूर भासते, आणि अगदीं बगलेशीं आलेला मनुष्य कित्येकदां मुळींच दिसत नाहीं. ज्याच्या गाडीला आरसा नाहीं तो निदान वळून तरी पाहील. उत्तम आरसे असणारा पाहणारच नाहीं, असा संभव आहे. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, ही म्हण पायीं चालणारांच्या काळची. रस्त्यावर आतां पुढच्यानें ठेंच चुकविली म्हणजे मागचा पडतो, आणि शहाणा होण्यास त्याला वेळ मिळत नाहीं.

आणखी एक अडचण आम्हांस आरसे लावून झाल्यावरच कळली. गाडीची रुंदी दोहों बाजूंस मिळून जवळजवळ वीतभर वाढली. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळीं ती वीत कोणाच्या तरी कोपराची, पिशवीची किंवा हातांत धरलेल्या मुलाच्या डोक्याची असते. आम्हांस मागचें अधिक दिसावें म्हणून बाजूच्यानें अंग चोरावें, हा व्यवहार न्यायाचा आहे काय? चिरंजीव म्हणाले कीं गर्दींत आरसे आंत वळवावे, त्याकरितां सांधा दिलेलाच असतो. म्हणजे जेथें माणसें सर्वांत दाट तेथेंच पाहणें बंद! या मुद्द्यावर आम्हां दोघांसहि समाधानकारक उत्तर सांपडलें नाहीं, तेव्हां लक्ष्मी रस्त्यानें ती गाडी न्यावयाची नाहीं एवढें तूर्त ठरलें आहे.

हकीगत ऐकून चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं त्या गृहस्थांचें नांव विचारलें, आम्हीं सांगितलें. “घर कोठें होतें?” तेंहि सांगितलें. त्या जागीं आतां सात मजली इमारत उभी आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं खडकवासल्यापर्यंत गाडी आम्हीं स्वतः चालवून पाहिली. आमचाहि हट्ट सर्वस्वीं बरोबर नव्हता. डावा आरसा खालीं असूनहि त्यांत रस्ता स्वच्छ दिसत होता. उजवा मात्र मूठ पिळल्याबरोबर मनगटाआड जाई. म्हणून उजवा काढून वर बसविला, डावा खालींच ठेविला. काढलेल्या वजनांच्या ऐवजीं जड कडीं मिळतात तीं आणून घातलीं, तेव्हां खिडक्या पुन्हां दोनच्या दोन झाल्या. रबर दबून बोल्ट सैल पडतो म्हणून आठवड्यानें दोन्ही पुन्हां आवळले. षट्कोनी चावी आतां बैठकीखालीं फडक्यांत गुंडाळून ठेविलेली असते. सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं एक आरसा वर व एक खालीं असल्यामुळें गाडी तिरळी दिसते. चिरंजीव म्हणतात, उन्हाळ्याच्या सुट्टींत पाहूं.